रिसेप्टर बंद केला तरी ग्लुटामेट वाढलं कसं? केटामाइन आणि रॅटच्या मेंदूबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. औषधशास्त्रातली पीएच.डी. चालू आहे. नर विस्टार रॅटच्या मेडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातल्या बाह्य थरात, प्रोब बसवून मायक्रोडायलिसिस केलं, म्हणजे पडदा असलेल्या बारीक नळीतून पेशींबाहेरच्या द्रवातली रसायनं गोळा केली. केटामाइन हे भुलीचं औषध किलोमागे ३० मिलिग्रॅम पोटात टोचलं तर ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन वाढलं, १०० मिलिग्रॅमला ते मूळ पातळीच्याही खाली गेलं. गाईडचं म्हणणं असं, की केटामाइन ग्लुटामेटचा रिसेप्टर (पेशीवरची ते रसायन ओळखणारी जागा) बंद करतं, मग ग्लुटामेट वाढेलच कसं? रसायनं मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रात गडबड असणार किंवा नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. विद्यार्थ्याला विचारायचंय, की १०० चा गट काढून टाकू का. जाता जाता एक ओळ त्याने लिहिली आहे: सर्जरी नेहमीच्या केटामाइन-झायलाझिनच्या भुलीवर केली आणि दुसऱ्या दिवशी प्रयोग घेतला.

गट काढू नका. तुमचे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. जाणकाराने आधीच अंदाज बांधला असता तर तो असाच निघाला असता. मला काळजी वाटते ती त्या जाता जाता लिहिलेल्या ओळीची. तिच्याकडे येतोच, पण आधी मुख्य कोडं सोडवू.

तुमच्या गाईडच्या आक्षेपात एक गृहीतक दडलंय: रिसेप्टर अडवला म्हणजे त्या रसायनाचं एकूण संदेशवहन मंदावलं. एकच चेतापेशी बशीत ठेवली असेल तर हे खरं आहे. मेंदूत मात्र एकाच रिसेप्टरच्या प्रती एकमेकांविरुद्ध काम करणाऱ्या पेशींवर बसलेल्या असतात. काही पेशी पुढच्याला चेतवतात, काही दाबून ठेवतात, आणि दोन्हींवर एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे केटामाइन अडवतं तो ग्लुटामेटचा रिसेप्टर, आहेत. त्यामुळे खरा प्रश्न असा होतो, की तुम्ही दिलेल्या डोसला यातल्या कोणत्या पेशींवरचे रिसेप्टर आधी आणि जास्त अडले.

केटामाइन अडवतं कसं, हे नीट पाहिलं की पुढचं सोपं जातं. केटामाइन आणि त्याचं थोरलं भावंड फेन्सायक्लिडीन ही दोन्ही अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीची औषधं. केटामाइन १९६२ मध्ये कॅल्विन स्टीव्हन्स यांनी बनवलं, आणि 'डिसोसिएटिव्ह' हे विशेषण त्याला पहिल्या मानवी चाचण्यांनंतर एडवर्ड डोमिनो यांच्या घरातल्या गप्पांतून मिळालं. पण ते नेमकं कुठे काम करतं हे कळायला १९८३ उजाडलं. त्या वर्षी डेव्हिड लॉज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ही औषधं मज्जारज्जूतल्या पेशींचा एनएमडीएला मिळणारा प्रतिसाद निवडून दाबतात. आज आपल्याला माहीत आहे की केटामाइन ग्लुटामेटच्या बसायच्या जागेवर बसतच नाही. ते रिसेप्टरमधल्या वाहिनीच्या, म्हणजे आयन आत सोडणाऱ्या छिद्राच्या, आतल्या बोळात जाऊन बसतं. शटर उघडं असेल तरच दुकानात शिरायचं, आणि आत असताना शटर पडलं तर आतच अडकायचं, असा हा प्रकार आहे. म्हणून जी वाहिनी वारंवार उघडते तिथे औषध जास्त शिरतं. जी पेशी विश्रांतीत आहे, जिच्या वाहिनीत मॅग्नेशिअमचा आयन आधीच बसलेला आहे, तिथे ते फारसं पोचत नाही.

आता कॉर्टेक्समध्ये सतत जागं कोण असतं? वेगाने विद्युत ठोके देणारे इंटरन्यूरॉन, म्हणजे गाबा हे दाबणारं रसायन सोडून आजूबाजूच्या पिरॅमिडल (चेतवणाऱ्या) पेशींना आवरून धरणारे. त्यांचा पडदा विद्युतदृष्ट्या जरा वर तरंगत असतो, मॅग्नेशिअमची पकड तिथे ढिली असते आणि वाहिन्या जास्त वेळा उघडतात. थोडक्या केटामाइनचा पहिला मार या पेशींवर बसतो, असा हा तर्क. त्या गप्प झाल्या की पिरॅमिडल पेशींवरचा अंकुश सुटतो, त्या जास्त ठोके देतात आणि त्यांच्या टोकांतून ग्लुटामेट जास्त बाहेर पडतं. म्हणजे तुमच्या नमुन्यात वाढलेलं ग्लुटामेट हा अडवलेल्या रिसेप्टरचाच परिणाम आहे, फक्त एक पायरी पलीकडचा.

याला थेट पुरावा २००७ मध्ये होमायून आणि मोघद्दम यांनी दिला. त्यांनी जाग्या, हिंडत्याफिरत्या रॅटच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये इलेक्ट्रोड ठेवून एमके-८०१ दिलं. हे केटामाइनच्याच घराण्यातलं, पण कितीतरी घट्ट चिकटणारं रसायन. वेगवान इंटरन्यूरॉनचे ठोके आधी घटले आणि पिरॅमिडल पेशींचे ठोके त्यानंतर वाढले. हा 'त्यानंतर' मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन्ही बदल एकाच वेळी दिसले असते तर कोण कोणामुळे, हे सांगता आलं नसतं.

हे चित्र पूर्ण आहे असं मात्र समजू नका. मेंदूच्या कापांवर काम करणाऱ्यांपैकी काहींना प्रौढ प्राण्यांच्या वेगवान इंटरन्यूरॉनमध्ये एनएमडीएचा वाटा उलट कमी दिसला आहे. मग त्यांच्यावरच आधी परिणाम का व्हावा? यावर एक उत्तर रिसेप्टरच्या घडणीतून येतं. २००९ मध्ये कोटरमान्स्की आणि जॉन्सन यांनी दाखवलं, की शरीरात असतं तेवढं मॅग्नेशिअम द्रावणात ठेवलं तर ग्लुएन-२ए आणि २बी प्रकारच्या एनएमडीए रिसेप्टरवर केटामाइनचा जोर बराच उतरतो, २सी आणि २डी वर तेवढा उतरत नाही. २डी हा प्रकार कॉर्टेक्सच्या इंटरन्यूरॉनवर सापडतो. मॅग्नेशिअम न घालता केलेल्या कापांच्या प्रयोगांमधून केटामाइनची निवड कळत नाही ती यामुळेच. व्हायवात कोणी विचारलं तर 'इंटरन्यूरॉनवरचा अंकुश सुटणं हे सध्याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण आहे' असं म्हणा. 'सिद्ध झालं आहे' म्हणू नका.

दुसरी अडचण जागेची. केटामाइन पोटात टोचलं की ते सगळ्या मेंदूभर जातं. तुमचा प्रोब मात्र एकाच ठिकाणी आहे. तिथे वाढलेलं ग्लुटामेट तिथल्याच इंटरन्यूरॉनमुळे वाढलं, हे कशावरून? ही औषधं प्रोबमधूनच थेट प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये सोडली तर अंगभर दिल्यावर होते तशी वाढ होत नाही, असं एकाहून अधिक लॅबना आढळलंय. २००५ मध्ये जपानमधल्या जोदो यांच्या गटाने फेन्सायक्लिडीन रॅटच्या व्हेंट्रल हिप्पोकॅम्पसमध्ये सोडलं, तेव्हा प्रीफ्रंटल पेशी पेटल्या. तेच प्रीफ्रंटलमध्येच सोडल्यावर फारसं काही झालं नाही. म्हणजे अंकुश सुटतो तो बहुधा मागे कुठेतरी, हिप्पोकॅम्पसमध्ये किंवा थॅलॅमसच्या आसपास, आणि तिथून येणारे तंतू तुमच्या प्रोबच्या शेजारी ग्लुटामेट ओततात. थिसिसमध्ये 'केटामाइनमुळे प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधलं बाह्यपेशीय ग्लुटामेट वाढलं' एवढंच लिहा. 'प्रीफ्रंटल इंटरन्यूरॉन अडल्यामुळे वाढलं' हे तुमच्या प्रयोगाने दाखवलेलं नाही.

आता डोस. तुमच्या गाईडना दाखवायला सगळ्यात उपयोगी पेपर १९९७ चा आहे, मोघद्दम, ॲडम्स, वर्मा आणि डॅली यांचा. रॅट, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, मायक्रोडायलिसिस, म्हणजे जवळजवळ तुमचाच आराखडा. किलोमागे १०, २० आणि ३० मिलिग्रॅमला ग्लुटामेट वाढलं. ५० ला काही फरक पडला नाही. २०० ला, म्हणजे पूर्ण भुलीच्या डोसला, ते घटलं. तुमचे ३० आणि १०० हे दोन बिंदू या वळणावर आपोआप बसतात.

मोठ्या डोसला पातळी खाली का जाते? औषध पुरेसं झालं की ते फक्त जास्त जाग्या पेशींपुरतं राहत नाही, पिरॅमिडल पेशींवरचे रिसेप्टरही मोठ्या प्रमाणात अडतात. अंकुश सुटलेला असला तरी धावणाऱ्याचेच पाय बांधलेले. त्यात या पातळीला केटामाइन एनएमडीएपुरतं थांबत नाही, पेशींच्या एचसीएन-१ या वाहिन्यांवरही त्याचा परिणाम होतो आणि भूल येण्यात त्याचा वाटा आहे. ५० च्या आसपास दोन विरुद्ध ओढी एकमेकींना खोडून काढतात. म्हणून 'केटामाइनने ग्लुटामेट वाढतं' हे वाक्य डोस सांगितल्याशिवाय निम्मंच राहतं.

प्राण्याकडे पाहिलंत तर हे डोळ्यांनाही दिसतं, आणि विद्यार्थी नेमकं हेच नोंदवत नाहीत म्हणून जरा खोलात सांगतो. ३० मिलिग्रॅमचा रॅट पाच-दहा मिनिटांत भांड्यात फिरायला लागतो. मागचे पाय फाकतात, अंग एका बाजूला कलतं, डोकं डावी-उजवीकडे संथ झुलत राहतं. तो एकाच दिशेने गोल फिरतो आणि स्विव्हलची, म्हणजे प्राण्याबरोबर फिरणाऱ्या जोडणीची, नळी पिळत जाते. स्विव्हल अडखळत असेल तर नेमक्या याच नमुन्यात प्रवाह कमी होतो आणि गाळलेल्या द्रवाचं आकारमान कमी भरतं. म्हणून प्रत्येक कुपी आधी-नंतर तोलायची सवय लावा. मिनिटाला २ मायक्रोलिटर वेग असेल तर वीस मिनिटांत ४० मायक्रोलिटर जमायलाच हवेत. १०० चा रॅट आडवा होतो, उताणा केला तर उलटून उभा राहत नाही, पण डोळे सताड उघडे आणि अंग ताठ. डोळ्यांना मलम लावा नाहीतर बुबुळ कोरडं पडतं. अंगाखाली उष्णतेचा पॅड ठेवा, कारण शरीराचं तापमान उतरलं तर ग्लुटामेटची पातळी त्यामुळेही हलते आणि मग औषधाचा परिणाम कोणता, थंडीचा कोणता, हे सांगता येत नाही.

तुमच्या १०० च्या गटात आणखी एक गोष्ट तपासून बघा. औषध उतरायला लागलं की रक्तातलं प्रमाण कधीतरी लहान डोसच्या पट्ट्यातून जातंच. भुलीतून बाहेर येणारे रॅट बऱ्याचदा डोकं झुलवतात, भरभर फिरतात. तुमचे शेवटचे नमुने या वेळेतले असतील तर तिथे पातळी परत वर चढलेली दिसण्याची शक्यता आहे. सगळ्या नमुन्यांची एक सरासरी काढून एकच आकडा छापलात तर हे दिसणारच नाही. वेळेनुसार आलेख काढा.

एचपीएलसीवरच्या संशयाचं निरसन तुमच्या हातात आहे, नवीन प्राणी न वापरता. अमिनो आम्लं दिसण्यासाठी ओपीए हे रसायन मिसळत असाल तर त्याच क्रोमॅटोग्राममध्ये सेरीन, ग्लुटामिन, टॉरीन यांचेही पीक आहेत. ग्लुटामेट वर जाताना सेरीन आणि टॉरीन जागच्या जागी असतील तर यंत्र, इंजेक्शनचं आकारमान आणि प्रवाह ठीक आहे. सगळेच एकसारखे वर-खाली हलत असतील तर गाईडची शंका बरोबर आहे. ओपीएची उत्पादनं टिकाऊ नसतात, त्यामुळे मिसळल्यापासून टोचेपर्यंतचा वेळ प्रत्येक नमुन्याला तोच ठेवलाय ना, हेही पाहा. अदलाबदलीची शंका असेल तर गोठवून ठेवलेला उरलेला नमुना कोणालातरी आंधळ्या क्रमांकाने पुन्हा चालवायला द्या.

पण कुपीत जे आलं ते कुठून आलं? मला वाटतं, मायक्रोडायलिसिसमध्ये सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. डोपामाइनच्या बाबतीत नमुन्यातलं बहुतेक सगळं चेतापेशींच्या ठोक्यांतून आलेलं असतं. सोडियम वाहिन्या बंद करणारं टेट्रोडोटॉक्सिन प्रोबमधून सोडलं की ते धाडकन खाली येतं. ग्लुटामेट तसं वागत नाही. त्याची मूळ पातळी टेट्रोडोटॉक्सिनने फारशी हलत नाही, कारण त्यातलं पुष्कळसं चेतासंधीतून (दोन चेतापेशींमधल्या जोडणीतून) आलेलंच नसतं. ते ग्लायल (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशींच्या सिस्टीन-ग्लुटामेट अदलाबदलीतून येतं. बेकर आणि कॅलिव्हस यांच्या गटाने २००२ मध्ये न्यूक्लियस अकम्बेन्सबद्दल हे नीट दाखवलं. शिवाय प्रोबभोवतीची ऊती जखमी असते आणि ग्लुटामेट उचलून नेणारे वाहक इतके तत्पर असतात की संधीतून सांडलेलं फारच थोडं पडद्यापर्यंत पोचतं. त्यामुळे तुमची मूळ पातळी म्हणजे संदेशवहन नव्हे. औषधानंतरची वाढ संदेशवहनाची असू शकते, पण ती टेट्रोडोटॉक्सिनने पुसली जाते का हे दाखवलंत तरच. एकच प्रयोग वाढवायची मुभा असेल तर मी हा वाढवेन.

ताणही विसरू नका. रॅटला हातात धरणं, शेपटी दाबणं, सुई टोचणं, यानेसुद्धा प्रीफ्रंटलमधलं ग्लुटामेट आणि डोपामाइन वर जातं. सलाइनचा गट नुसता कागदावर नको. त्याच हाताने, त्याच वेळी, तेवढ्याच आकारमानाचं सलाइन टोचलेलं हवं. आमच्याकडे प्रयोगाआधी काही दिवस प्राण्यांना रोज हाताळून, पोटात सुई टोचायच्या स्थितीत धरून सोडून देतात. सलाइननंतरची उडी त्याने बरीच कमी होते.

आता ती ओळ. सर्जरी केटामाइन-झायलाझिनवर, प्रयोग दुसऱ्या दिवशी. आपल्याकडच्या बहुतेक प्राणिगृहांत हीच भूल हाताशी असते, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण तुमच्या अभ्यासाचा विषयच केटामाइन आहे. भुलीसाठी साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम दिलं असेल, म्हणजे प्रत्येक रॅटला, सलाइनच्या गटालाही, प्रयोगाच्या आदल्या दिवशी एक मोठा डोस मिळालेला आहे. औषध रक्तातून तासाभरात-दोन तासांत उतरतं, पण त्याने घडवलेले बदल तसे उतरत नाहीत. २०१० मध्ये येल विद्यापीठातल्या ली, डुमन आणि सहकाऱ्यांनी रॅटला किलोमागे १० मिलिग्रॅमचा एक डोस देऊन पाहिलं. प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये एमटॉर ही प्रथिननिर्मितीची साखळी जागी झाली आणि चोवीस तासांनी पिरॅमिडल पेशींच्या शाखांवर नवे चेतासंधी-काटे दिसले. वागणुकीतला फरक त्याहूनही टिकला. भुलीच्या डोसला, म्हणजे ८० ला, ती साखळी तशी जागी झाली नाही, हेही त्यांनीच दाखवलं. त्यामुळे तुमच्या प्राण्यांत नक्की काय घडलं असेल हे मी इथून सांगू शकत नाही. पण मोठा डोस उतरताना लहान डोसच्या पट्ट्यातून जातो, हे मघाशी म्हटलंच. शिवाय तुमचा ३० चा डोस हा त्या प्राण्याचा पहिला डोस राहत नाही.

याचा अर्थ आधीची सगळी मेहनत पाण्यात गेली असा नाही. सगळ्या गटांना सारखीच भूल मिळाली असल्याने गटांमधली तुलना उभी राहते. फक्त लिहिताना 'औषध कधीच न मिळालेल्या रॅटमध्ये' असं म्हणता येणार नाही. मर्यादा स्पष्ट लिहा आणि पुढच्या तुकडीला आयसोफ्लुरेन ही हुंगवायची भूल द्या. यंत्र नसेल तर संस्थेतल्या पशुवैद्यकांशी बोलून केटामाइन नसलेली दुसरी भूल ठरवा, आणि प्राणी-नैतिकता समितीकडून तसा बदल आधी मंजूर करून घ्या. जुन्या तुकडीतले ३० चे आकडे आणि नव्या तुकडीतले ३० चे आकडे शेजारी ठेवलेत, तर आपल्या देशात कितीतरी लॅबना उपयोगी पडेल अशी माहिती तुमच्या हाती येईल. माझ्या मते तो तुमच्या थिसिसमधला सर्वांत मोलाचा आलेख ठरू शकतो.

डोसबद्दल एक बारीक पण नेहमी निसटणारी गोष्ट. तुम्ही दवाखान्याची कुपी वापरलीत की पावडर? इंजेक्शनच्या कुपीवर लिहिलेले ५० मिलिग्रॅम बहुतेक वेळा केटामाइन बेसचे असतात. पावडर हायड्रोक्लोराइडची असते. बेसचं रेणूभार २३७.७, क्षाराचं २७४.२. म्हणजे ३० मिलिग्रॅम बेसला साधारण ३४.६ मिलिग्रॅम क्षार लागतो. पंधरा टक्क्यांचा फरक लहान वाटतो, पण जिथे ३० ला वाढ आणि ५० ला शून्य असं वळण आहे तिथे तो लहान नाही. पद्धतींच्या प्रकरणात बेस की क्षार, रेसेमिक (दोन्ही आरसा-रूपांचं मिश्रण) की फक्त एस रूप, हे लिहाच. एस रूप एनएमडीएला आर रूपापेक्षा तीन-चार पट घट्ट धरतं.

आणि नरांवर मिळालेलं उत्तर मादीला जसंच्या तसं लावू नका. कॅरिअर आणि कब्बाज यांनी २०१३ मध्ये रॅटवर दाखवलं, की नैराश्याच्या चाचण्यांत माद्यांना नरांपेक्षा कमी डोस पुरतो. मेंदूला होणाऱ्या इजेतही माद्या जास्त संवेदनशील असतात. ओल्नी यांनी १९८९ मध्ये एमके-८०१, फेन्सायक्लिडीन आणि केटामाइन दिलेल्या प्रौढ रॅटच्या कॉर्टेक्सच्या मागच्या भागात पेशींमध्ये पडणाऱ्या पोकळ्या दाखवल्या होत्या. वारंवार किंवा मोठे डोस देणार असाल तर हे डोक्यात असू द्या.

डोपामाइनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण परीक्षक विचारतील. १९९७ च्या त्याच अभ्यासात ३० मिलिग्रॅमला प्रीफ्रंटलमधलं डोपामाइनही वाढलं, आणि प्रोबमधून सीएनक्यूएक्स सोडून एएमपीए-कायनेट हे ग्लुटामेटचेच दुसरे रिसेप्टर अडवल्यावर ती वाढ थांबली. म्हणजे क्रम असा लागतो: एनएमडीए अडला, ग्लुटामेट वाढलं, वाढलेलं ग्लुटामेट मोकळ्या असलेल्या एएमपीए रिसेप्टरवर जाऊन बसलं, आणि त्यातून डोपामाइन हललं. केटामाइनचे कितीतरी परिणाम अडलेल्या एनएमडीएचे नसून जास्त काम कराव्या लागलेल्या एएमपीएचे आहेत, हे त्यामुळे कळलं.

पुढच्याच वर्षी मोघद्दम आणि ॲडम्स यांनी जे केलं ते मला आजही या विषयातल्या सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतं. त्यांनी रॅटला फेन्सायक्लिडीनच्या आधी एलवाय-३५४७४० दिलं. हे दुसऱ्या गटातल्या मेटाबोट्रॉपिक ग्लुटामेट रिसेप्टरला चालना देतं आणि चेतापेशीच्या टोकातून ग्लुटामेट सुटणं कमी करतं. ग्लुटामेटची वाढ आवरली गेली, प्राण्याची ती गोल फिरण्याची, डोकं झुलवण्याची वागणूक कमी झाली, कार्यस्मृतीही (थोडा वेळ माहिती धरून ठेवण्याची क्षमता) सुधारली. डोपामाइन मात्र वाढलेलंच राहिलं. म्हणजे ज्याच्यावर सगळा दोष टाकला जायचा ते रसायन जागेवर असताना वागणूक सुधारली.

इथून औषध कंपन्यांना मोठी आशा वाटली. त्याच जातीच्या एका औषधाने २००७ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत पहिली चाचणी पारही केली. पण पुढच्या मोठ्या चाचण्यांत ते टिकलं नाही आणि २०१२ मध्ये एली लिली कंपनीने ते सोडून दिलं. म्हणून तुमच्या चर्चेच्या प्रकरणात 'केटामाइन दिलेला रॅट म्हणजे स्किझोफ्रेनियाचं प्रारूप' असं सरळ लिहू नका. एका डोसने तासाभरासाठी आलेली अवस्था आणि वर्षानुवर्षं माणसाला पोखरणारा आजार यांच्यात मोठं अंतर आहे. रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी त्या आशेची किंमत मोजलेली आहे, एवढं तरी आपण लिहिताना जपलं पाहिजे.

नैराश्याचंही तसंच. माणसाला शिरेतून किलोमागे अर्धा मिलिग्रॅम चाळीस मिनिटांत देतात, तुमच्या रॅटला ३० मिलिग्रॅम पोटात. पोटातून जाणारं औषध आधी यकृतातून जातं, रॅटची चयापचयाची गती वेगळी, त्यामुळे आकड्याला आकडा जुळवून काही निघत नाही. ग्लुटामेटची ती थोड्या वेळची उसळी नैराश्य उतरण्याची पहिली पायरी असावी असं मानायला आधार आहे, एएमपीए अडवला तर प्राण्यांमधला तो परिणाम जातो. पण तुमच्या अभ्यासात नैराश्याची एकही चाचणी नसेल तर तो मुद्दा एका परिच्छेदात उरकावा.

गाईडशी बोलताना वाद घालू नका, १९९७ चा पेपर, तुमचा वेळेनुसार आलेख आणि सेरीन-टॉरीनचे पीक असं तिन्ही एकत्र टेबलावर ठेवा. त्यांचा आक्षेप शिकवणीच्या पुस्तकातल्या नियमावर उभा आहे आणि पुस्तकातला नियम एका पेशीसाठी बरोबरच आहे. नवीन प्राणी मागायचे तर मी या क्रमाने मागेन: आधी ३० च्या डोसला टेट्रोडोटॉक्सिन, मग केटामाइन नसलेल्या भुलीची छोटी तुकडी, आणि प्राणी उरले तर १० चा डोस, म्हणजे वळणाला तिसरा बिंदू मिळेल. केटामाइन आपल्याकडे २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत, आहे, तेव्हा जास्तीच्या साठ्याची मागणी आणि रजिस्टरमधल्या नोंदी आताच सुरू करा, नाहीतर मंजुरी मिळूनही औषधासाठी अडकून पडाल.

तुमच्या पोस्टमध्ये तीन गोष्टी नाहीत आणि त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे: रॅटचं वय, औषध बेसच्या हिशेबाने मोजलं की क्षाराच्या, आणि क्रेसिल व्हायोलेटने रंगवलेल्या कापांत प्रोबचा माग नक्की कुठे दिसला. पडदा तीन-चार मिलिमीटरचा असेल तर तो सिंग्युलेटपासून प्रीलिंबिक, इन्फ्रालिंबिकपर्यंत सगळ्यांतलं मिसळून आणतो. हे तिन्ही इथेच खाली लिहा, आणि शक्य असल्यास एका ३० च्या आणि एका १०० च्या प्राण्याचे सुटे आलेखही टाका, सरासरी न काढलेले.